वीस लाल दाणे

पूर्व विदर्भातल्या एका गावात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. जीवशास्त्राचा मास्तर म्हणून मला बोलावलेलं. प्रत्यक्षात काम होतं रांग लावायचं आणि नावं लिहायचं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं, त्यावर काचेच्या छोट्या नळ्यांचा स्टँड आणि नळ्यांमागे काळ्या रेघा मारलेला पांढरा पुठ्ठा. लॅबवाली ताई बोट टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायची. थोड्या वेळानं नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या, की पॉझिटिव्ह. मग तो माणूस वाहक आहे की रुग्ण हे ठरवायला नमुना पुढच्या तपासणीला जायचा आणि निकालाचं कार्ड मिळायचं. त्या भागातले लोक वाहकाला 'एएस पॅटर्न' आणि रुग्णाला 'एसएस पॅटर्न' अशा भाषेत बोलतात. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा 'माह्या नातवाचा एसएस आहे' असं सहज सांगते.

दुपारी एक गृहस्थ बारावीतल्या मुलीला घेऊन आले. मुलगी चांगली ठणठणीत, पण नळीमागच्या रेघा बुजल्या. मी वहीत नाव लिहायला लागलो, तसं त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, पोरीच्या नावाचं कार्ड नोका बनवू. उद्या पाव्हणे येतीन, तं कोन करन सोयरीक?"

त्यांच्या डोक्याच्या वर भिंतीला पोस्टर चिकटवलेलं होतं: २०४७ पर्यंत सिकलसेलमुक्त भारत.

मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. 'तसं काही नसतं' असं पुटपुटलो आणि नाव लिहिलं. उत्तर खरं तर मला माहीत होतं, वीस वर्षं तेच वर्गात शिकवत होतो. पण ज्या गणिताला आपण परीक्षेतला चार मार्कांचा प्रश्न म्हणून ओळखतो, ते एखाद्या बापाच्या तोंडावरच्या काळजीचं उत्तर असू शकतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

ते गणित असं. दरवर्षी मी वर्गात एक स्टीलचा डबा घेऊन जायचो. डब्यात चवळीचे दोनशे दाणे: १८० पांढरे, २० लाल. दाणा म्हणजे जनुक, लाल दाणा सिकलसेलचा. एक माणूस म्हणजे दोन दाणे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मुलांनी डोळे मिटून दोन-दोन दाणे काढायचे आणि बाकावर जोड्या मांडायच्या. शंभर जोड्या होतात. साधारण ८१ जोड्या पांढऱ्या-पांढऱ्या, १८ एक पांढरा एक लाल, आणि एखादी लाल-लाल. कधी लाल-लाल दोन निघतात, कधी एकही नाही, पण दहा वेळा केलं की सरासरी तिथंच येते. मग दाणे परत डब्यात, डबा हलवायचा, पुन्हा जोड्या. तिसऱ्या खेपेला मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, तेच येतंय." तेच येतंय, एवढाच तर धडा आहे. डब्यातून कुणी दाणे काढले नाहीत, घातले नाहीत, कुणी दाणे निवडून जोड्या लावल्या नाहीत, तर लाल दाणे पिढ्यानपिढ्या दोनशेत वीसच राहतात. वाढतही नाहीत, झिजतही नाहीत.

इतकी साधी गोष्ट सांगायला १९०८ साल उजाडावं लागलं, आणि ती सांगायला केंब्रिजचा मोठा गणिती लागला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये मेंडेलच्या नियमांवर वाद चालू होता. अदनी यूल या संख्याशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की आखूड बोटांचा दोष जर मेंडेल म्हणतो तसा 'प्रभावी' असेल, तर काही पिढ्यांत चारातल्या तीन माणसांची बोटं आखूड व्हायला हवीत. तसं तर कुठं दिसत नाही. रेजिनाल्ड पनेट या जीवशास्त्रज्ञाला हे चूक आहे हे कळत होतं, पण का चूक ते मांडता येईना. तो ज्याच्याबरोबर क्रिकेट खेळायचा त्या जी. एच. हार्डीकडे प्रश्न घेऊन गेला. हा तोच हार्डी, ज्यानं पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेतलं. हार्डीला हे गणित पाढ्यांइतकं सोपं वाटलं. त्यानं 'सायन्स' नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहून विषय मिटवला. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, श्टुटगार्टमधल्या विल्हेल्म वाइनबर्ग या प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरनं नेमकं हेच एका व्याख्यानात मांडलं होतं. ते जर्मनमध्ये होतं म्हणून पडून राहिलं. १९४३ मध्ये कुर्ट स्टर्ननं लक्ष वेधलं तेव्हा कुठं नियमाला दोघांचं नाव लागलं. उपयोगी पडेल असं आपण काहीच केलं नाही, अशी प्रौढी हार्डी म्हातारपणी मिरवायचा. त्याच्या त्या पत्रावर आज रक्तपेढ्यांपासून वैद्यकीय सल्ल्यापर्यंत किती कामं चालतात!

यूलची चूक आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि तिला आपली पाठ्यपुस्तकं खतपाणी घालतात. 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्दच घात करतात. प्रभावी म्हटलं की मुलांना वाटतं हा जिंकणार, अप्रभावी म्हणजे हा हळूहळू मिटणार. शेजारी दुसरा दाणा असताना कोणाचा रंग दिसतो, एवढंच या शब्दांनी सांगायचं असतं. डब्यात कोण किती आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. पांढऱ्याशेजारी लाल दाणा दडून राहतो, पण तो असतो आणि पुढच्या पिढीला जसाच्या तसा मिळतो.

आता हा डबा खऱ्या जगात कुठंच मिळत नाही, हे कबूल करायला हवं. हार्डीचा समतोल टिकायला लोकसमूह अफाट मोठा हवा, कुणी आलं-गेलं नको, नवा बदल व्हायला नको, कोणत्याही रूपाला जगण्या-मरण्यात फायदा-तोटा नको, आणि लग्नं डोळे मिटून व्हायला हवीत. असं गाव तुम्ही पाहिलंय? मी नाही. पण म्हणूनच हा नियम कामाचा. गवंडी ओळंबा सोडतो तो भिंत सरळ आहे म्हणून नव्हे, ती कुठं कलली ते कळावं म्हणून. आकडे समतोलापासून हटलेले दिसले, की काहीतरी घडतंय हे पक्कं. मग काय घडतंय ते शोधायचं.

सिकलसेलच्या बाबतीत पहिला प्रश्न तर असा, की डब्यात वीस लाल दाणे आले कुठून? ११ व्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक झाला की हिमोग्लोबिनच्या साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशी अक्षराची चूक लाखो जन्मांत क्वचित होते. चुकांच्या भरवशावर दोनशेत वीस दाणे साठायला युगं लागतील. त्यातून ज्याला दोन्ही दाणे लाल मिळाले त्याचे हाल: तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, हाडांत कळा निघतात, रक्त कमी पडतं, प्लीहा निकामी होते, साधा ताप जिवावर बेततो. औषधपाण्याची सोय नव्हती तेव्हा यातली बहुतेक मुलं लग्नाच्या वयापर्यंत पोचतच नसत. म्हणजे दर पिढीला लाल दाणे डब्यातून बाहेर फेकले जात होते. तरीही नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या माडिया-गोंडांत, विदर्भातल्या काही अनुसूचित जातींत शंभरात वीसच्या आसपास वाहक सापडतात. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं अशा वस्त्यांत फिरून ही मोजणी केली.

उत्तर डासांत होतं. थॅलसेमियासारखे रक्तदोष मलेरियाच्या प्रदेशात टिकतात ते वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असल्यामुळे असावेत, हा अंदाज जे. बी. एस. हाल्डेननं १९४९ मध्ये मांडला. हाल्डेन पुढे भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. सिकलसेलच्या बाबतीत हेच घडतं हे अँथनी ॲलिसननं १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं. एक लाल दाणा असलेलं मूल फाल्सिपेरम मलेरियात सहसा दगावत नाही. दोन्ही पांढरे असलेलं दगावू शकतं. दोन्ही लाल असलेलं सिकलसेलनं जातं. हिशोब मांडून पाहा: एसएस मुलांपैकी एकही वाचत नाही असं धरलं, आणि मलेरिया पांढऱ्या जोडीच्या शंभर मुलांतली अकरा जास्तीची नेतो असं धरलं, तर लाल दाणे दोनशेत वीसच्या आसपास स्थिरावतात. डब्यातला लाल दाण्याचा आकडा हा त्या रानातल्या मलेरियाचा जुना हिशोब आहे. ज्या पोरीचं नाव मी वहीत लिहिलं, तिची एखादी पणजी त्या दाण्यामुळे तापातून उठली असेल. 'दोष' हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळायला हवी, ती यासाठी.

मलेरिया उतरला की हा समतोल मोडतो. देशात १९५३ पासून फवारणीची मोहीम सुरू झाली आणि बहुतेक भागांत मलेरियाची धार बोथट झाली. गडचिरोली त्याला अजून अपवाद आहे. मग लाल दाण्याचा फायदा गेला, तोटा तेवढा उरला. आता तो झपाट्यानं नाहीसा होईल असं वाटतं ना? इथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो. डब्यातल्या वीस लाल दाण्यांपैकी अठरा पांढऱ्याच्या आडोशाला आहेत. उघड्यावर आहेत ते दोनच, त्या एका लाल-लाल जोडीतले. निसर्गाचा हात फक्त त्या दोघांपर्यंत पोचतो. आणि दाणे जसजसे कमी होतील तसतसा आडोसा वाढत जातो: दोनशेत दोन उरले, की शंभरातले नव्याण्णव दाणे लपलेले असतात. म्हणून प्रत्येक रुग्ण मूल न होता वारतो, इतकी क्रूर कल्पना केली तरी वीसचे दहा व्हायला दहा पिढ्या लागतात. दहाचे पाच व्हायला आणखी वीस. वीसवरून दोनवर यायला एकूण नव्वद पिढ्या. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर सव्वादोन हजार वर्षं. सातवाहनांपासून आजपर्यंतचा काळ.

हा हिशोब नवा नाही. पनेटनं तो हार्डीच्या मदतीनं १९१७ मध्येच करून छापला होता, 'मंदबुद्धी' लोकांना मुलं होऊ दिली नाहीत तर तो दोष किती दिवसांत संपेल या प्रश्नावर. उत्तर हजारो वर्षांच्या घरात आलं. तरीही अमेरिकेत साठ हजारांवर आणि १९३३ च्या कायद्यानंतर जर्मनीत सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. आकडे हाताशी होते, ते कुणाला पाहायचे नव्हते. आपल्याकडे या विचाराला 'सुप्रजाजनन' असं गोंडस नाव होतं, आणि जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांनी केलेली वंशसुधारणाच आहे असं सांगणारे विद्वानही होते. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचा समाचार १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये घेतला. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधात, त्यांनी सजातीय विवाह हेच जातीचं मर्म असल्याचं सांगितलं होतं. त्या मर्माकडे पुढे यायचंच आहे.

आता ते पोस्टर. राष्ट्रीय सिकलसेल उच्चाटन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, समुपदेशन करायचं, रुग्णांना औषधं द्यायची. यात मला काहीही खुपत नाही. उलट इतकी वर्षं का लागली हा प्रश्न आहे. सरकारी कागदात 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' उच्चाटन असं नीट लिहिलेलं आहे, आणि ते शक्यही आहे. पण कागदावरून भिंतीवर येता येता ते शब्द गळतात, उरतं 'सिकलसेलमुक्त'. भिंतीवरून गावात येता येता आणखी गळतं, आणि मुक्ती कशापासून मिळवायची याचं उत्तर 'त्या पोरीपासून' असं होतं. २०२३ ते २०४७ म्हणजे चोवीस वर्षं. डब्याच्या हिशोबानं एक पिढी.

एका पिढीत रोग खूपच कमी करता येतो. ते कसं घडतं हे पाहिलं तर मौज वाटेल. समजा मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली: एकाही एएसचं लग्न दुसऱ्या एएसशी झालं नाही, आणि असलेले रुग्ण उपचारांनी जगले, त्यांची लग्नं एएवाल्यांशी, म्हणजे दोन्ही दाणे पांढरे असलेल्यांशी झाली. लाल-लाल जोडी जन्मणं बंद झालं. मग वीस लाल दाणे गेले कुठं? कुठंच नाही. पूर्वी अठरा वाहकांत होते आणि दोन एका रुग्णात. आता वीसच्या वीस वाहकांत. म्हणजे शंभरात वाहक अठरा होते ते वीस झाले! मोहीम जितकी यशस्वी, तितके वाहक वाढणार, आणि कोणीही लाल-लाल नसल्यामुळे निसर्गाचा हात कुणापर्यंतच पोचणार नाही, दाणे जिथल्या तिथं थिजतील. हार्डीच्या अटींपैकी एक अट आपण स्वतःच पुरी केलेली असेल. मला भीती ही, की २०४७ च्या एखाद्या आढावा बैठकीत हा वाढलेला आकडा पडद्यावर येईल आणि कुणीतरी मोहीम फसली म्हणून टेबलावर मूठ आपटेल. मग तोडगा म्हणून वाहकांच्या मागे लागतील.

सायप्रसनं हे करून दाखवलं आहे. तिथं सातातला एक माणूस थॅलसेमियाचा वाहक. १९८३ पासून चर्चनं लग्नापूर्वी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला मागितला, लग्नाला नकार दिला नाही. दोघंही वाहक निघाले तरी बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच, आणि पुढे गर्भावस्थेत तपासणी करून घेतली, नको तिथं गर्भपातही केले. थॅलसेमियाग्रस्त बाळं जन्मणं जवळजवळ थांबलं. वाहक अजूनही सातात एक आहेत. तिथं कुणाला ते अपयश वाटत नाही.

उलटं उदाहरण ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाचं. तिथं सिकलसेल मुबलक. १९७० च्या सुमाराला संशोधकांनी गावाची तपासणी केली, ज्याला त्याला निकाल सांगितला, दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये असं समजावलं. काही वर्षांनी जाऊन पाहिलं तर वाहक ही शिवी झालेली. ठरलेली लग्नं मोडली होती, आईबाप मुलांचा निकाल लपवत होते. आणि वाहकांची वाहकांशी झालेली लग्नं? निव्वळ योगायोगानं जितकी व्हावीत, तितकीच झाली होती. ज्या समतोलाला हलवायला गेले तो जागचा हलला नाही; मधल्या मध्ये माणसं मात्र हलली. त्या व्हरांड्यातल्या गृहस्थांना ऑर्कोमेनोसचं नावही ठाऊक नसणार, पण त्यांनी कार्ड नको म्हटलं ते याच भीतीनं.

आता लग्नाचा मुद्दा. डोळे मिटून जोड्या लावणं हे हार्डीच्या अटींतलं सगळ्यात अवघड कलम, आणि आपल्या देशात तर ते मोडण्याचं शास्त्रच विकसित झालंय: गोत्र, पोटजात, पंचांग, 'आमच्यातले'. त्यातून गणितानं एक गंमत होते. दोन डबे घ्या. एकात दोनशेत चाळीस लाल, दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही गट आपापल्यात लग्न करतात. पहिल्या डब्यात शंभरात चार रुग्ण, दुसऱ्यात शून्य. दोनशे माणसांत चार. आता दोन्ही डबे एकत्र ओता आणि जोड्या काढा. चारशेत चाळीस लाल, म्हणजे दोनशे माणसांत रुग्ण दोन. एकही दाणा कमी न होता रोग निम्मा. वेगळे डबे ठेवले की दाणे तेवढेच राहून दुखणं वाढतं; डबे मिसळले की ते कमी होतं.

आपले डबे फार जुने आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकांवरून दाखवलं, की सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी भारतात लोकसमूहांची भरपूर सरमिसळ चालली होती, आणि मग ती जवळजवळ थांबली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे गावोगाव जाऊन माणसांची मापं घेत होत्या, तेव्हा एकाच नावाच्या जातीतल्या पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या असू शकतात हे त्यांना दिसलं होतं. डबे जितके छोटे तितका नशिबाचा खेळ मोठा. वीस दाण्यांत दोन लाल असतील, तर पुढच्या पिढीचे वीस दाणे निवडताना आठातून एकदा लाल रंग पार नाहीसा होतो, आणि कधी उलट अवाच्या सवा वाढतो. पॅसिफिकमधल्या पिंगलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आलं, वीसेक माणसं उरली. त्यातल्या कुणाकडे तरी पूर्ण रंगांधळेपणाचा दाणा होता. आज तिथं शंभरातल्या पाच-दहा जणांना रंगच दिसत नाहीत. बेटावर राहायला समुद्र लागतो असं नाही. आपण सोयरिकीच्या यादीतून बेटं करतो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजातल्या काहींना भूल देताना वापरलं जाणारं एक औषध शरीरातून लवकर उतरत नाही. तिथले भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी जात विचारतात ती त्यासाठी. जात विचारण्याचं हे एकच कारण मला आजवर पटलं आहे.

यावरून कुणी आदिवासींनी बाहेर लग्नं करावीत असा फतवा काढू नये. लग्न कुणाशी करायचं हे आरोग्य खात्याचं काम नाही, आणि जे सवर्ण स्वतःच्या डब्याचं झाकण घट्ट लावून बसलेत त्यांनी तर हा उपदेश करूच नये. माझं म्हणणं एवढंच, की रक्त राखलं म्हणजे ते शुद्ध राहतं ही समजूत गणितानं नेमकी उलटी ठरते. राखल्यानं दडलेल्या दाण्यांना जोडी भेटते.

मग कार्डाचं काय करायचं? काही जण त्याला 'जनुकीय कुंडली' म्हणतात. वधू-वरांची कार्डं शेजारी ठेवून पाहायची. कल्पना चांगली आहे, शब्द मात्र घातकी. कुंडलीत मंगळ असलेल्या मुलींचं आपण काय केलं ते ठाऊक आहे. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजात टे-सॅक्स या जीवघेण्या आजारासाठी १९८३ पासून एक वेगळी रीत आहे. चार मुलं त्या आजारात गमावलेल्या एका रबायनं ती घालून दिली. शाळेतच तपासणी होते. निकाल कुणालाच सांगत नाहीत, फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक कळवायचे. उत्तर येतं, जुळतं किंवा जुळत नाही. वाहक कोण हे कुणाला कळत नाही, म्हणून कुणावर शिक्का बसत नाही. ही रीत जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. वाहकाला स्वतःबद्दल कळण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: धोका माणसात नसून जोडीत असतो, आणि बोलायचं ते जोडीबद्दल. आज होतं असं, की मुलीचं कार्ड आधी मागतात आणि मुलाचं मागायला कुणाला सुचत नाही.

दोघंही एएस निघाले तरी जग बुडत नाही. प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता एसएसची. तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भाची तपासणी होते, मुंबईत परळच्या आयसीएमआर संस्थेत ती होते. गडचिरोलीच्या जोडप्यानं त्यासाठी मुंबईला जायचं का, हा प्रश्न पोस्टरवाल्यांनी घ्यावा. आणि एसएस मूल जन्मलंच तर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, पेनिसिलिन, लसी, भरपूर पाणी आणि वेळेवर दवाखाना यांनी ते मोठं होतं, शिकतं. तालुक्याच्या औषधसाठ्यात ती गोळी बाराही महिने असणं हे सगळ्या समतोलांपेक्षा महत्त्वाचं.

त्या गृहस्थांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर तीन ओळींचं आहे. पोरीचा एएस असेल तर ती आजारी नाही. तिचं लग्न एए मुलाशी झालं, तर त्यांच्या मुलांपैकी निम्मी तिच्यासारखी होतील, निम्मी बापासारखी, पण सिकलसेलचा रुग्ण एकही होणार नाही. कार्डाच्या मागची बाजू अजून कोरीच असेल, तर आरोग्य खात्यानं हेच वाक्य तिथं ठळक टायपात छापावं, मराठीत, गोंडीत आणि भिलीत.